प्राण्यांवर जीव आहे, पण रक्त दिसलं की चक्कर येते

वाचकाचं पत्र: ताई, मी 24 वर्षांची आहे, दोन वर्षं एका ऑफिसात हिशोबाच्या एंट्र्या करते. मागच्या वर्षी आमची मांजर आजारी पडली, चार दिवस रोज सलाईन लावायला तिला दवाखान्यात नेत होतो. तिथे डॉक्टरांच्या हाताखाली एक मुलगी होती, तिने आमच्या फिस्कारणाऱ्या मांजरीला टॉवेलमध्ये असं काही गुंडाळलं की ती गप्पच झाली. तेव्हापासून डोक्यात एकच, हे काम मला करायचंय. शोधलं तर दोन कोर्स सापडले. एक तीन आठवड्यांचा, पूर्ण ऑनलाइन, शेवटी 'सर्टिफाइड व्हेटरनरी असिस्टंट' असं सर्टिफिकेट मिळतं. दुसरा नऊ महिन्यांचा, त्यात दवाखान्यात प्रत्यक्ष काम करावं लागतं आणि फी बरीच जास्त आहे. बाबा म्हणतात, व्हायचंच असेल तर डॉक्टर हो, कुत्र्यामांजरांची घाण काढायला शिकवलं का तुला. आणि खरी अडचण म्हणजे आमच्या मांजरीचं रक्त काढताना मलाच चक्कर आली, खाली बसावं लागलं. प्राण्याला कायमचं झोपवतात तेव्हा तर मी रडतच बसेन. मी या कामाला लायक आहे का? कुठला कोर्स करू?

चक्करचं आधी बोलू या, कारण तू ते पत्राच्या शेवटी लिहिलंयस पण सगळं पत्र त्याच भीतीभोवती फिरतंय असं मला वाचताना वाटलं. रक्त किंवा सुई बघून चक्कर येणं हा भित्रेपणा नाही गं. ती शरीराची एक प्रतिक्रिया आहे, एकदम ब्लड प्रेशर उतरतं, ठोके मंदावतात, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. शिकायला येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना सुरुवातीला हे होतं, माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी पहिल्या दिवशी भिंतीला टेकून सरकत सरकत खाली बसली होती आणि आज ऑपरेशनच्या वेळी तिच्याइतकं शांत कोणी नसतं. रिकाम्या पोटी उभं राहायचं नाही, पाणी पिऊन जायचं, गुडघे ताठ करून एका जागी खांबासारखं उभं राहायचं नाही, आणि कान गरम झाले, घाम फुटला, मळमळलं की लगेच मांड्या, पोट आणि दंडाचे स्नायू घट्ट आवळायचे, दहा-पंधरा सेकंद धरून ठेवायचे, सोडायचे, परत आवळायचे. त्याने प्रेशर वर यायला मदत होते. तरी नाही जमलं तर "मी बसते" असं मोठ्याने सांगून बसायचं, आणि हे सांगणं फार महत्त्वाचं, कारण त्या क्षणी तुझ्या हातात कुणाचा तरी कुत्रा असणार आहे आणि तू न सांगता कोसळलीस तर टेबलावरून तोही खाली येणार. सवयीने बहुतेकांचं हे कमी होत जातं. रक्तबिक्त काही नसतानाही तुला अशी चक्कर येत असेल तर मात्र आधी स्वतःच्या डॉक्टरला दाखव.

आता त्या टॉवेलकडे येते, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या टॉवेलमध्येच आहे.

तुला वाटलं असेल की त्या मुलीने मांजरीला पटकन पकडलं. मला खात्री आहे की तिने त्याआधी बरंच काही केलं होतं जे तुझ्या लक्षात आलं नाही. दार नीट बंद आहे ना बघितलं असेल, पिंजऱ्याचं वरचं झाकण काढून मांजरीला आतच बसू दिलं असेल, तिचे कान चपटे झालेत का, शेपूट आपटतेय का, डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या झाल्यात हे बघितलं असेल, समोरून डोळ्यात डोळे घालून जायच्या ऐवजी बाजूने गेली असेल, मग टॉवेल मागून टाकून हनुवटीखाली आणून पुढचे दोन्ही पंजे आत घेतले असतील आणि तोंड-नाक मोकळं ठेवलं असेल. आम्ही शिकलो तेव्हा मांजरीला मानेच्या कातडीला धरून आवळायची पद्धत सर्रास होती, आता मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनाच तसं करू नका म्हणतात, कारण त्याने मांजर शांत होत नाही, घाबरून थिजते, आणि पुढच्या वेळी दवाखान्याचं दार दिसताच तुमच्या अंगावर येते. हे काम म्हणजे मुळात धरण्याचं काम आहे. डॉक्टर तपासतात, टोचतात, कापतात, शिवतात, पण ते सगळं नीट होतं की नाही हे प्राण्याला धरणाऱ्या हातांवर ठरतं.

एक उदाहरण सांगते म्हणजे कळेल. कुत्र्याचं रक्त घ्यायचं असलं की बऱ्याचदा पुढच्या पायावरची, कोपराच्या खाली समोरून जाणारी शीर वापरतात. असिस्टंटचा एक हात कुत्र्याच्या गळ्याखालून जाऊन डोकं स्वतःच्या खांद्याकडे घेतो, म्हणजे मिठी मारल्यासारखं, गळा दाबायचा नाही. दुसरा हात त्याच्या कोपरामागे, पाय मागे ओढू नये म्हणून, आणि त्याच हाताचा अंगठा पायाच्या वरच्या बाजूला आडवा दाबून किंचित बाहेरच्या बाजूला फिरवायचा. शीर फुगून वर येते, बोटाला दोरीसारखी लागते. रक्त घ्यायचं असेल तर सिरिंज भरेपर्यंत अंगठा दाबून ठेवायचा. पण औषध शिरेतून द्यायचं असेल तर सिरिंजमध्ये रक्त दिसलं की डॉक्टर म्हणतात "सोड", आणि त्या क्षणी अंगठा उचलायचा, हात मात्र तिथेच, पाय धरलेला. नवीन माणूस एक तर सगळाच हात सोडतो, नाहीतर अंगठा उचलायचंच विसरतो. मी विसरले होते. औषध आत जाईना, शीर फुटली, पायावर टरारून सूज आली आणि त्या बिचाऱ्या म्हाताऱ्या कुत्रीला दुसऱ्या पायाला परत टोचावं लागलं. ती एकदाही गुरगुरली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली, ते मला आजही आठवतं. सुई काढल्यावर मिनिटभर कापूस दाबून धरायचा असतो, तो मी त्या दिवशी पाच मिनिटं दाबून धरला होता.

हा अंगठा व्हिडिओ बघून येईल का, तूच सांग.

म्हणून तीन आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ऑनलाइन शिकणं वाईट नाही, शरीराचे भाग, औषधांचे प्रकार, रोगांची नावं, दवाखान्यातल्या संज्ञा हे सगळं घरी बसून वाचता येतं आणि उत्तम येतं. पण फक्त तेवढ्यावर सर्टिफिकेट देणारा कोर्स तुला जे विकतोय तो कोर्स पूर्ण केल्याचा कागद आहे. कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट आणि कुणीतरी बाहेरच्या संस्थेने परीक्षा घेऊन 'सर्टिफाइड' ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातीत त्या मुद्दाम एकत्र कालवलेल्या असतात. उदाहरणार्थ अमेरिकेत व्हेटरनरी टेक्निशियनच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे नाव्टाने, मान्यता दिलेले असिस्टंटचे कोर्स असतात, ते केल्यावर वेगळी परीक्षा होते आणि मग 'अप्रूव्ह्ड व्हेटरनरी असिस्टंट' हे नाव लावता येतं. तिथेच टेक्निशियन ही त्याच्या वरची पायरी, तिचं शिक्षण साधारण दोन वर्षांचं किंवा जास्त आणि परीक्षा वेगळी. प्रत्येक देशात नावं वेगळी, नियम वेगळे, काही ठिकाणी असिस्टंटला कुठल्याच कागदाची सक्ती नसते. तेव्हा तू जिथे काम करणार आहेस तिथला नियम काय हे तिथल्या पशुवैद्यक परिषदेकडून किंवा संघटनेकडून आधी विचारून घे, कोर्स विकणाऱ्याकडून नको.

नऊ महिन्यांच्या कोर्सवाल्यांनाही डोळे झाकून पैसे देऊ नकोस हं. त्यांना विचार की प्रत्यक्ष दवाखान्यात एकूण किती तास काम करायला मिळणार, ते तास कुठल्या दवाखान्यात, आणि दवाखाना शोधून ते देणार की तुलाच शोधायला लावणार. कौशल्यांची यादी असते का आणि त्या यादीवर सही कोण करतं हेही विचार, ती सही तुझ्या शेजारी उभं राहून बघणाऱ्या डॉक्टरची किंवा नोंदणीकृत टेक्निशियनची असायला हवी. मागच्या बॅचमधल्या दोघा-तिघांशी बोलायला मिळेल का विचार, टाळाटाळ केली तर समजून जा. आणि "हा कोर्स करून तुम्ही स्वतः प्रॅक्टिस करू शकता" असं कोणी म्हणालं तर तिथून सरळ उठून निघ, कारण तो माणूस तुला बेकायदेशीर गोष्ट करायला सांगतोय.

तुझ्या हिशोबाच्या नोकरीचा तुला इथे किती उपयोग होईल याची तुला कल्पना नसेल. दवाखान्यातलं गणित साधं असतं पण चुकायला परवानगी नसते. समज 12 किलोचा कुत्रा आहे, डॉक्टरांनी किलोमागे 5 मिलिग्रॅम औषध लिहिलं, म्हणजे 60 मिलिग्रॅम झालं, बाटलीवर लिहिलंय एका मिलिलिटरमध्ये 50 मिलिग्रॅम, म्हणजे सिरिंजमध्ये 1.2 मिली. आता हाच टिंब एक घर सरकला तर 12 मिली, दहापट डोस. म्हणून प्रत्येक भेटीत प्राण्याचं वजन नव्याने करायचं, मागच्या वेळचं उतरवून घ्यायचं नाही, आणि काढलेला डोस दुसऱ्याला दाखवल्याशिवाय डॉक्टरच्या हातात द्यायचा नाही. ज्या माणसाला आकड्याची भीती वाटत नाही आणि जो आकडा दोनदा तपासतो तो इथे हवा असतो.

आकड्यांवरून आठवलं, कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण 38.3 ते 39.2 सेल्सियस, मांजरीचंही जवळपास तेवढंच. नवीन मुलं थर्मामीटरवर 39 बघून धावत येतात की ताप आहे ताप आहे. माणसाला तो ताप, कुत्र्याला नाही. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी, पांढरीफटक राहिली तर तपासणी बाजूला ठेवून आधी डॉक्टरला हाक मारायची. हे तू आजपासून तुझ्याच मांजरीवर बघायला सुरू कर, ती शांत झोपलेली असताना मिनिटाला किती श्वास घेते ते मोज, रोज एका वहीत लिही. नॉर्मल काय असतं हे डोळ्यात बसल्याशिवाय बिघडलेलं ओळखता येत नाही.

फोनबद्दल कुठलाच कोर्स पुरेसं शिकवत नाही म्हणून मी सविस्तर सांगते. मी नवीन असताना संध्याकाळच्या गर्दीत एक फोन आला होता, बाई म्हणाल्या आमच्या बोक्याला बद्धकोष्ठ झालंय, सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन जोर करतो आणि काहीच होत नाही. मी दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ दिली. तो बोका दुसऱ्या दिवशी आला तेव्हा मान टाकलेली, अंग गार, पोटात मूत्राशय दगडासारखं टणक. त्याला बद्धकोष्ठ नव्हतं, लघवीचा मार्ग बंद झाला होता. बोक्यांची ती नळी इतकी अरुंद असते की बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला तरी बंद होते, मग लघवी तुंबते, किडनी काम थांबवते, रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि त्याने हृदय बंद पडतं, एक-दोन दिवसांत सगळा खेळ संपतो. डॉक्टरांनी नळी घालून तो मोकळा केला, तीन दिवस सलाईनवर होता, वाचला. मला कोणी ओरडलं नाही. डॉक्टरांनी फक्त एवढं विचारलं की फोनवर तू तिला "लघवी शेवटची कधी केली" असं विचारलंस का. नव्हतं विचारलं. तेव्हापासून आमच्या फोनशेजारी हाताने लिहिलेला एक कागद असतो, बोका जोर करतोय तर लगेच बोलवा, मांजर तोंड उघडून धापा टाकतेय तर लगेच, मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलंय आणि ओकारी येतेय पण बाहेर काही पडत नाही तर लगेच, काही विषारी खाल्ल्याची शंका असेल तर वेष्टन घेऊन लगेच. फोन उचलणारा माणूस हा दवाखान्याचा पहिला दरवाजा असतो, आणि बहुतेक ठिकाणी तो माणूस म्हणजे असिस्टंट.

पण तिथेच सीमा पण येते. लगेच या असं सांगणं तुझं काम, काय झालंय आणि कुठलं औषध द्या हे सांगणं तुझं काम नाही. निदान, औषध लिहिणं, ऑपरेशन आणि हा वाचेल की नाही याचं भाकीत, हे चारही डॉक्टरांचं. कोर्सला लागलीस की आठवड्याभरात नातेवाईक, शेजारी, मैत्रिणी सगळे विचारायला लागतील, अगं आमच्या मांजरीला ताप वाटतोय, माणसांची पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देऊ का. मांजरीच्या यकृतात ते औषध निकामी करायची यंत्रणा फार तोकडी असते, त्यामुळे एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते. तेव्हा "देऊ नका, डॉक्टरला दाखवा" एवढंच आणि एवढंच. पहिल्यांदा हे म्हणताना आपण भाव खातोय असं वाटतं, तसं वाटून घेऊ नकोस.

बाबांच्या वाक्याने तुला लागलंय हे दिसतंय. त्यांना उत्तर द्यायचं तर त्यांचं म्हणणं नाकारू नकोस, कारण घाण काढावी लागते हे खरंच आहे, दिवसातला बराच वेळ त्यातच जातो. फक्त ती घाण काढणं म्हणजे काय ते त्यांना सांग. पिल्लांना होणारा पार्व्हो नावाचा आजार आहे, रक्ताचे जुलाब होतात, हा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला आणि अजून पिल्लं त्याने मरतात. तो जमिनीवर, पिंजऱ्यात महिनोन् महिने जिवंत राहतो आणि नेहमीच्या बऱ्याच फिनाइलसारख्या गोष्टींना दाद देत नाही. त्याला मारायचं तर आधी सगळी विष्ठा आणि ओकारी साबणाने धुऊन काढायची, कारण घाणीवर ब्लीच ओतलं तर ते घाणीतच वाया जातं, मग एक भाग ब्लीचला साधारण तीस भाग पाणी असं ताजं मिश्रण करून ती जागा किमान 10 मिनिटं ओली ठेवायची, घड्याळ लावून, अंदाजाने नाही. त्या पिल्लाचा पिंजरा धुतलेले बूट-ग्लोव्ह्ज तसेच घालून शेजारच्या खोलीतल्या लसीकरणाच्या पिल्लांकडे गेलीस तर तूच आजार पोचवलास. म्हणजे दुसऱ्या पिल्लाचा जीव त्या दिवशी फडका मारणाऱ्याच्या हातात असतो. ऑपरेशनची हत्यारं, चादरी, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, 121 अंशांवर निदान 15 मिनिटं, तेही तूच बघणार, आणि लसींचा फ्रिज 2 ते 8 अंशांमध्ये आहे का हे रोज दोनदा वाचून लिहिणार. बाबा हिशोबी असतील तर त्यांना हे समजेल.

डॉक्टर होण्याबद्दल, तुला व्हायचं असेल तर जरूर हो, ते पाच-सहा वर्षांचं आणि अवघड प्रवेशाचं शिक्षण आहे, पण असिस्टंट हे डॉक्टर न होऊ शकलेल्यांचं काम आहे असं मनात आणू नकोस, ते वेगळं काम आहे. मधली टेक्निशियनची किंवा नर्सची वाट बऱ्याच देशांत आहे, असिस्टंट म्हणून दोन वर्षं काढून तिकडे जाणारे खूप आहेत. पैशांचं मात्र तुला स्पष्ट सांगायलाच हवं, सुरुवातीचा पगार कमी असतो, कदाचित आत्ताच्या नोकरीपेक्षाही कमी, आणि उभं राहून, वाकून, जड कुत्रे उचलून पाठ दुखते. चाळीस किलोचा कुत्रा एकटीने उचलायचा नाही, दोघांनी उचलायचा, हा नियम मोडून पाठ गमावलेली माणसं मी बघितलीत. म्हणून आत्ताची नोकरी लगेच सोडू नकोस.

आणि चावणं. चावा बसणार, कधी ना कधी बसणारच. त्यासाठी कोर्स सुरू व्हायच्या आधी रेबीजची प्रतिबंधक लस घे, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशीनुसार ती दोन डोसांत होते, एक डोस आणि त्यानंतर सात दिवसांनी दुसरा, धनुर्वाताचं इंजेक्शनही बघून घे. लस घेतलेली असली तरी चावल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची आणि डॉक्टरकडे जायचंच, पुढचे डोस लागतात. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, तिथे धाडस दाखवायचं नसतं. मांजरीच्या चाव्याला तर कधीच हलकं घेऊ नकोस, वरून टाचणीएवढं भोक दिसतं पण दात खोल गेलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी हात सुजून येतो. जो दवाखाना नवीन माणसाला लस घेतली का हे विचारत नाही, एक्स-रेच्या वेळी शिशाचा एप्रन देत नाही, वापरलेल्या सुईवर परत टोपण लावायला लावतो, तिथे शिकू नकोस, बाकी कितीही चांगला असला तरी.

आता शेवटचं, प्राण्याला कायमचं झोपवणं, ज्याचीही तुला धास्ती आहे. रडू येईल. मला इतक्या वर्षांनी अजूनही येतं, रोज नाही पण येतं. ते इंजेक्शन म्हणजे भूल देणाऱ्या औषधाचाच खूप मोठा डोस असतो, प्राणी आधी बेशुद्ध होतो आणि मग श्वास आणि हृदय थांबतं, त्याला गुदमरल्याचं कळत नाही. पण घरच्यांना काही गोष्टी आधी सांगाव्या लागतात आणि ते बोलणं पुष्कळदा आपल्यावर येतं. डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. श्वास थांबल्यावर एक-दोनदा छाती हलल्यासारखी होते, तो जिवंत असल्याचा श्वास नसतो. लघवी होऊ शकते म्हणून खाली जाड चादर घातलेली असते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस आयुष्यभर मनात धरून बसतो की माझ्या कुत्र्याला त्रास झाला, तो माझ्याकडे बघत होता. त्या वेळी तू पाय धरून उभी असणार, अंगठा तसाच, "सोड" म्हटलं की उचलायचा, आणि तुझे डोळे ओले झाले तर कुणाचं काही बिघडत नाही, फक्त हात हलता कामा नये. मग ते लोक जाईपर्यंत घाई करायची नाही, टेबल त्यांच्यासमोर पुसायला घ्यायचं नाही, गळ्यातला पट्टा काढून धुऊन हातात द्यायचा. अशा दिवसानंतर कुणाशी तरी बोल, गप्प बसून घरी जाऊ नकोस. या क्षेत्रात मनाने थकून सोडून जाणारे खूप आहेत आणि त्यातले बरेचसे कामात चांगलेच होते, त्यांना बोलायला कोणी नव्हतं.

लायक आहेस का हे मी पत्रावरून नाही सांगू शकत गं, पण तुझ्या मांजरीला फिस्कारताना बघून तुझं लक्ष तिला धरणाऱ्या हातांकडे गेलं, हे मला फार चांगलं लक्षण वाटतं. फी भरायच्या आधी एक कर. त्याच दवाखान्यात जा, डॉक्टरांना विचार की सुट्टीच्या दिवशी येऊन नुसतं बघितलं, झाडलं-पुसलं, पिंजरे धुतले तर चालेल का, चार-सहा रविवार. बरेच डॉक्टर हो म्हणतात, एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याला विचार. त्यात तुला पाठ, वास, भुंकणं, रडणारी माणसं, चक्कर, सगळं कळेल आणि तेही एक पैसा न घालवता. चार-सहा रविवारांनंतर सोमवारी सकाळी तुला परत जावंसं वाटलं तर नऊ महिन्यांचा कोर्स घे, माझ्या वरच्या प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर.

पहिल्या दिवशी पोटभर खाऊन जा, पुढून बंद आणि न घसरणारे बूट घाल, कानात लोंबतं काही नको, नखं कापून, केस घट्ट बांधून. आणि ती टॉवेलवाली मुलगी अजून तिथे असेल तर तिला सांग की तुझ्यामुळे आले, आणि टॉवेल कसा टाकतात ते दाखव. आधी उशीवर कर, मग तुझ्या मांजरीवर, ती खुशीत असताना, रोज एकदाच, आणि नको म्हणाली की लगेच सोडायचं.